दोन घरे : ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’मधील अज्ञात शेजारी व मुलांचे ज्ञान

हार्पर ली यांची ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’ ही कादंबरी ११ जुलै १९६० रोजी प्रसिद्ध झाली व पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्यानंतर तिच्यावर जे विपुल लेखन झाले त्याचा रोख बहुतांशी टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय मजुराच्या खटल्याकडे आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागाचा इतिहास पाहता हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. परंतु कादंबरीची मांडणी नीट पाहिली तर तिचा आरंभ खटल्याने होत नाही व शेवटही खटल्याने होत नाही. पहिल्या आठ प्रकरणांचा मोठा भाग आणि अखेरची चार प्रकरणे एका बंद घराभोवती फिरतात. त्या घरात आर्थर रॅडली नावाचा मनुष्य राहतो. गावातील मुले त्याला ‘बू’ म्हणतात. आपल्याकडील बागुलबुवाचा धाकटा भाऊ शोभावा असेच ते नाव आहे. स्काउट, तिचा वडील भाऊ जेम आणि उन्हाळ्याच्या सुटीत मावशीकडे येणारा त्यांचा मित्र डिल या तिघांना या अदृश्य शेजाऱ्याविषयी जे हळूहळू कळत जाते, ते कादंबरीचे केवळ मनोरंजक उपकथानक आहे, असा समज रूढ आहे. कादंबरीच्या जन्माचा इतिहास मात्र या समजाला पुष्टी देत नाही.

तो इतिहास २०१५ साली अधिक स्पष्ट झाला. त्या वर्षी ‘गो सेट अ वॉचमन’ या नावाने जो ग्रंथ बाहेर पडला, तो वस्तुतः १९५७ मध्ये लिपिनकॉट या प्रकाशनसंस्थेकडे गेलेला पहिला खर्डा होय, असे अभ्यासकांचे सामान्यतः मत आहे. या खर्ड्यात सव्वीस वर्षांची जीन लुइझ, म्हणजे मोठी झालेली स्काउट, न्यूयॉर्कहून मेकोंब या आपल्या गावी परतते. शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविणाऱ्या १९५४ च्या निर्णयाने गाव खवळलेले आहे आणि तिचे वडील अ‍ॅटिकस गोऱ्यांच्या नागरिक-समितीच्या सभेस बसलेले तिला दिसतात. एका कृष्णवर्णीय तरुणाच्या खटल्याचा त्यात ओझरता उल्लेख येतो. पण तो तरुण तेथे निर्दोष सुटतो. रॅडली कुटुंब मात्र या खर्ड्यात नाही. ते घर नाही, तो ओक वृक्ष नाही, बू नाही. टे होहॉफ या संपादिकेच्या सल्ल्याने ली यांनी पुढे दोन वर्षांहून अधिक काळ पुनर्लेखन केले व कथा बालपणात नेली. त्या पुनर्लेखनात दोन गोष्टी बरोबरच घडल्या: निर्दोष सुटलेला आरोपी दोषी ठरून मरण पावला, आणि रस्त्याच्या टोकाला एक बंद घर उभे राहिले. टॉम आणि बू हे एकाच पुनर्लेखनाचे अपत्य असल्यामुळे त्यांचा विचार निरनिराळा करता येणार नाही.

प्रथम बंद घराची हकीकत पाहिली पाहिजे. कादंबरीत ती पहिल्याच प्रकरणात येते. किशोरवयात आर्थर काही उनाड मुलांच्या संगतीस लागतो. एका रात्री ही मंडळी उसनी आणलेली खटारा मोटार गावच्या चौकात उलटी फिरवितात, अडवावयास आलेल्या म्हाताऱ्या शिपायाला जुमानीत नाहीत आणि त्याला न्यायालयाच्या आवारातील शौचकूपात कोंडून ठेवतात. न्यायाधीश सर्वांना राज्याच्या औद्योगिक शाळेत पाठविण्याचे ठरवितो. आर्थरच्या वडिलांना ही शाळा तुरुंगासारखी अपमानास्पद वाटते. मुलगा पुन्हा त्रास देणार नाही, असा शब्द ते देतात; न्यायाधीशाला त्यांचा शब्द पुरेसा वाटतो; आणि दार बंद होते. पुढे पंधरा वर्षे आर्थर कोणाच्या दृष्टीस पडत नाही. उलट, औद्योगिक शाळेत गेलेल्या मुलांना राज्यातील उत्तम माध्यमिक शिक्षण मिळाले व त्यांतील एक जण ऑबर्न येथे अभियांत्रिकी शिकला, असे निवेदिका सांगते. यातील उपरोध ती उलगडून दाखवीत नाही. ज्यांना शिक्षा झाली ती मुले सुटली आणि ज्याला सूट मिळाली तो जन्मभर अडकला, हे वाचकाने स्वतःच ताडावयाचे आहे.

येथे काल्पनिक मेकोंबच्या पाठीमागे खरे अलाबामा राज्य उभे आहे. बर्मिंगहॅम येथील मुलांची औद्योगिक शाळा १८९९ साली एलिझाबेथ जॉन्स्टन यांच्या प्रयत्नाने स्थापन झाली. ती गोऱ्या मुलांसाठी होती. कृष्णवर्णीय मुलांसाठी राज्याने काहीच केले नव्हते. अपराधी ठरलेली अल्पवयीन मुले प्रौढ कैद्यांबरोबर राबत. १९०७ साली कृष्णवर्णीय महिलांच्या मंडळांनी स्वतः पैसा उभारून माउंट मेग्ज येथे सुधारगृह काढले आणि १९११ मध्ये ते राज्याने आपल्याकडे घेतले. बेसबॉलच्या इतिहासात अजरामर झालेला सॅचेल पेज हा १९१८ पासून सुमारे पाच वर्षे याच सुधारगृहात होता. चौकात मोटार उलटी हाकणारी मुले कृष्णवर्णीय असती तर त्यांच्या बापाच्या शब्दावर कोणत्या न्यायाधीशाने त्यांना घरी पाठविले असते, हा प्रश्न कादंबरीत कोणी विचारीत नाही. तथापि तो प्रश्न तिच्या कडेला सतत उभा आहे.

तेहतिसाव्या वर्षी आर्थर वर्तमानपत्रातील कात्रणे कापीत बसला असता बापाच्या पायात कात्री खुपसतो व पुन्हा कात्रणे कापू लागतो, अशी गावात वदंता आहे. त्याला टस्कलूसा येथे काही काळ ठेवावे, अशी सूचना होते. टस्कलूसा म्हणजे १८६१ साली सुरू झालेले राज्याचे मनोरुग्णालय, हे अलाबामात सांगावे लागत नसे. रॅडलींच्या घराण्यातील कोणी वेड्यांच्या इस्पितळात जाणार नाही, असे वडील बजावतात. तेव्हा शेरिफ आर्थरला कोठे ठेवतो? कृष्णवर्णीय कैद्यांच्या शेजारी त्याला तुरुंगात ठेवण्याचे शेरिफच्या जिवावर येते, म्हणून त्याची रवानगी न्यायालयाच्या तळघरात होते. मुलांनी ऐकलेल्या गोष्टीत हा तपशील सहज, जाता जाता आलेला आहे. मुले त्याच्यावर थांबत नाहीत. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र तेथे थांबले पाहिजे; कारण गोऱ्या माणसाचा बंदिवासदेखील वर्णरेषा पाळून ठरविला जात होता, याची ती अनवधानाने दिलेली साक्ष आहे.

हार्पर ली यांचे गाव मन्रोव्हिल. तेथे त्यांच्याच रस्त्यावर अशा प्रकारचे एक घर होते व लहानपणीच्या अपराधानंतर त्या घरातील मुलाला वडिलांनी घरातच ठेवून घेतले होते, असे चरित्रकारांनी नोंदविले आहे. ते घराणे खासगी असल्याने त्याच्या तपशिलात शिरण्याचे कारण नाही. त्याच गावातील दुसरी हकीकत मात्र सार्वजनिक दप्तरातील आहे. १९३३ साली वॉल्टर लेट या कृष्णवर्णीय मजुराला एका गोऱ्या स्त्रीवर बलात्कार केल्याच्या आरोपावरून अटक झाली व १९३४ मध्ये त्याला मृत्युदंड सुनावण्यात आला. काही प्रतिष्ठित नागरिकांनीच शंका व्यक्त केल्यावर गव्हर्नर बेंजामिन मिलर यांनी ही शिक्षा जन्मठेपेवर आणली. पण तोवर कोठडीत फाशीची वाट पाहणाऱ्या लेटचा मानसिक तोल ढळला होता. त्याला माउंट व्हर्नन येथील, केवळ कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या मनोरुग्णालयात हलविण्यात आले आणि १९३७ मध्ये क्षयाने त्याचा अंत झाला. ली तेव्हा लहान मुलगी होत्या व त्यांचे वडील अमासा कोलमन ली हे ‘मन्रो जर्नल’ या स्थानिक साप्ताहिकाचे संपादक होते. टॉम रॉबिन्सनचे मूळ लेटमध्ये शोधावे की १९३१ च्या प्रसिद्ध स्कॉट्सबरो खटल्यात, याविषयी मतभेद आहेत आणि त्याचा निकाल येथे लागण्याची आवश्यकता नाही. महत्त्वाचे एवढेच की एकाच गावच्या स्मृतीत दोन कोंडलेली माणसे होती आणि लहान मुलांच्या कुतूहलाचा विषय त्यांतील एकच होऊ शकत होता. दुसरा इतक्या दूर गेला होता की त्याच्या दारापर्यंत जाऊन कोणी पैज जिंकू शकत नव्हते.

आता मुलांच्या ज्ञानाची वाटचाल पाहू गेल्यास असे आढळते की ती भारतीय तर्कशास्त्राच्या परिभाषेत सहज सांगता येते. तिचा आरंभ शब्दप्रमाणाने होतो, आणि तेही आप्तवाक्य नव्हे. मिस स्टेफनी क्रॉफर्ड ही शेजारीण गावातील वावड्यांची कोठी आहे. तिच्याकडून आलेल्या बातम्यांना जेम आपल्या कल्पनेची जोड देतो: साडेसहा फूट उंची, कच्च्या खारी आणि मांजरे यांचा आहार, रक्ताने माखलेले हात. गावातील प्रौढांची समजूतही यापेक्षा फार वरच्या दर्जाची नाही. थंडीने फुलझाडे गारठली तर बूने त्यांच्यावर श्वास सोडला असेल, असे म्हटले जाते. एकदा लोकांच्या कोंबड्या व पाळीव प्राणी छिन्नविच्छिन्न केलेले सापडतात. पुढे खरा अपराधी दुसराच निघतो व तो बुडून मरतोही. तरी गावाची संशयाची नजर रॅडलींच्या घरावरून हलत नाही. पुरावा आला म्हणून समजूत गेली असे समाजात क्वचितच घडते, याचा इतका नेमका दाखला पाठ्यपुस्तकातही मिळावयाचा नाही.

या पहिल्या अवस्थेत एक विश्वसनीय साक्षीदार आहे, पण तिच्याकडे लक्ष जात नाही. म्हाताऱ्या रॅडलींचा मृतदेह घरासमोरून नेला जात असता फिंच कुटुंबाची कृष्णवर्णीय स्वयंपाकीण कॅल्पर्निया त्यांच्या दुष्टपणाविषयी एक कडक वाक्य उच्चारते आणि अंगणात थुंकते. मुले चकित होतात. कारण गोऱ्या लोकांच्या वागण्याविषयी ती सहसा बोलत नसे. घरात नेमके काय चालले आहे हे तिने ओळखले होते, हे उघड आहे. तिने ते कशावरून ओळखले, हे मात्र तिला कोणी विचारले नाही. या मौनाचा विचार पुढे पुन्हा करावा लागेल.

दुसरी अवस्था अनुमानाची. तिचा आधार म्हणजे वस्तू. रॅडलींच्या कुंपणाशी असलेल्या ओकच्या ढोलीत स्काउटला प्रथम चंदेरी कागदातील च्युइंगम सापडते. मग एका डबीत दोन घासूनपुसून लखलखीत केलेली जुनी नाणी, १९०० आणि १९०६ सालची. नंतर सुतळीचा गुंडा, साबणात कोरलेल्या मुलाच्या व मुलीच्या दोन बाहुल्या, शुद्धलेखनाच्या स्पर्धेचे पदक आणि अखेर एक बंद पडलेले खिशातील घड्याळ. या वस्तू कोणी तरी लपविल्या आहेत, असे मुलांना आरंभी वाटते. त्या आपल्यासाठी ठेवल्या आहेत, हे बाहुल्यांमुळे कळू लागते. कारण त्या बाहुल्या त्यांच्याच प्रतिकृती आहेत. देणारा त्यांना रोज पाहत असला पाहिजे. मुले ज्याला पाहू इच्छितात तो आधीपासून मुलांना पाहत आहे, हा या प्रकरणांतील खरा शोध होय. पाहणारा कोण आणि पाहिला जाणारा कोण, हे नाते येथे उलटते.

यानंतरचा भाग लेखिकेने विशेष बारकाईने रचला आहे. पुरावा दोघा भावंडांत विभागलेला आहे आणि प्रत्येकाजवळ दुसऱ्याला ठाऊक नसलेला एक तुकडा आहे. टायरमध्ये बसून गडगडत रॅडलींच्या अंगणात गेलेल्या स्काउटने घरातून येणारे हसू ऐकलेले असते. ते बंद घर हसू शकते, ही गोष्ट ती त्या वेळी जेमला सांगत नाही. जेमपाशी त्याहून मोठा तुकडा आहे. रात्री घराच्या मागील बाजूस डोकावण्याच्या नादात, बंदुकीच्या आवाजाने पळताना त्याची विजार कुंपणाच्या तारेत अडकून राहिली होती. तो ती आणावयास परत गेला तेव्हा ती ओबडधोबड टाक्यांनी शिवून, घडी घालून, जणू त्याचीच वाट पाहत कुंपणावर ठेवलेली होती. तो आठवडाभर गप्प राहतो व मग बहिणीला सांगतो. स्काउटला भीती वाटते. जेमला आता भीती वाटत नाही, आणि त्याच्या मौनाचे कारण तेच असावे.

पुढे मुले देणाऱ्याला आभाराचे पत्र लिहितात आणि ते ढोलीत ठेवावयास जातात, तो ढोली सिमेंटने बुजविलेली. बापाच्या पश्चात घराची सत्ता हाती घेतलेला थोरला भाऊ नेथन रॅडली सांगतो की झाड मरू लागले होते. जेम वडिलांना ते झाड दाखवून ते मरू लागले आहे काय असे विचारतो. अ‍ॅटिकस पाने पाहून झाड धडधाकट असल्याचे सांगतात. (मुले वडिलांना नावाने हाक मारतात हे मराठी वाचकाला विचित्र वाटते, मेकोंबलाही ते थोडे विचित्रच वाटत होते.) वकिलाच्या मुलाने घेतलेली ही उलटतपासणी दोन प्रश्नांची आहे, पण तिने एक खोटी साक्ष उघडी पडते. त्या संध्याकाळी जेम ओसरीवर बराच वेळ एकटा उभा राहतो आणि आत येतो तेव्हा तो रडलेला असतो. स्काउटला त्याचे रडणे ऐकू का आले नाही, याचेच नवल वाटते. न्यायालयातील अन्यायाने जेम पुढे रडणार आहे. पण अन्यायाची पहिली ओळख त्याला या बुजविलेल्या ढोलीने करून दिली, हे टीकाकारांच्या ध्यानात क्वचित येते.

मिस मॉडींच्या घराला आग लागते त्या रात्री थंडीत कुडकुडत उभ्या असलेल्या स्काउटच्या खांद्यावर कोणी तरी तपकिरी लोकरी कांबळे टाकते. ते कोणी टाकले? नेथन रॅडली आगीजवळ सामान ओढीत होता, हे मुलांनी पाहिलेले आहे. मग त्या घरात उरला एकच. नैयायिक यास परिशेषानुमान म्हणतात. अनुमान सिद्ध होताच जेम वडिलांसमोर ढोली, विजार, सारे भडाभडा सांगून टाकतो. कारण कांबळे परत केले तर नेथनला कळेल आणि बूचे हाल होतील. येथे अ‍ॅटिकस जे सांगतात ते महत्त्वाचे आहे: हे सर्व आपल्यातच ठेवावे. मुलांच्या शिक्षणातील ही पायरी ‘दुसऱ्याच्या जागी उभे राहून पाहण्या’च्या सुप्रसिद्ध पाठाइतकी उद्धृत केली जात नाही. एखाद्याविषयी खरे ज्ञान झाल्यावर ते न बोलणे हे प्रेमाचे लक्षण असू शकते, असा तिचा अर्थ आहे.

पण मौनाचे दोन प्रकार असतात, आणि कादंबरी दुसऱ्या प्रकाराकडे वळते. १९३५ च्या उन्हाळ्यात टॉमचा खटला होतो. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ज्यूरीतून कृष्णवर्णीयांना वगळण्याच्या अलाबामातील प्रथेविरुद्ध अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला होता. मेकोंबच्या ज्यूरीवर त्याची सावलीही पडलेली दिसत नाही. (अलाबामात स्त्रियांना ज्यूरीत स्थान मिळावयास तर १९६६ साल उजाडावे लागले.) टॉमच्या बाबतीत सारेच सार्वजनिक आहे. त्याचा निकामी हात भर न्यायालयात दाखविला जातो, त्याच्या मनातील दया भर न्यायालयात त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरली जाते. मागाहून तुरुंगातून पळण्याच्या प्रयत्नात त्याच्या शरीरात सतरा गोळ्या लागतात व त्यांची संख्याही गावभर होते. खटल्यानंतर जेम म्हणतो की बू घरात का राहतो हे आता त्याला कळू लागले आहे. त्याला आतच राहावयाचे आहे. हे बूविषयीचे ज्ञान कमी आणि मेकोंबविषयीचे अधिक आहे. किंबहुना ते काहीसे चुकीचेही आहे, कारण बू घरात राहिला तो आरंभी स्वेच्छेने नव्हे. पण तेराव्या वर्षाच्या उंबरठ्यावरील मुलाने आपल्या गावाविषयी काढलेले अनुमान म्हणून ते खोटे ठरविता येत नाही.

अखेरच्या प्रकरणांत बॉब यूएल मुलांवर हल्ला करतो, बू त्यांना वाचवितो आणि यूएल मरतो. शेरिफ हेक टेट ठरवितो की यूएल आपल्याच सुरीवर पडून मेला. खरे सांगितल्यास बूवर कोणताही आरोप टिकणार नाही, हे त्याला ठाऊक आहे. त्याची अडचण निराळीच आहे. गावातील साऱ्या स्त्रिया केक घेऊन बूच्या दारी येतील आणि त्या लाजऱ्या माणसाला उजेडात ओढतील, ही गोष्ट त्याला पाप वाटते. स्काउट या निर्णयाला आपल्या बालबुद्धीने संमती देते. बहुतेक वाचकही देतात. तरी या दृश्यात अस्वस्थ करणारे काही आहे. ज्या कायद्याची प्रक्रिया टॉमसाठी अटळ होती, ती बूसाठी एका ओसरीवरील संभाषणात बाजूला ठेवता येते. न्यायाधीशाने म्हाताऱ्या रॅडलींचा शब्द मानला होता. आता शेरिफचा शब्द मानला जातो. पहिल्या वेळी अशा खासगी कृपेने एक जीवन कोंडले गेले, दुसऱ्या वेळी ते वाचले. कृपेचा मार्ग मात्र तोच आहे आणि तो ज्यांना उपलब्ध आहे ते लोकही तेच आहेत. लेखिकेला हे पुरते जाणवले होते की नाही, याविषयी दुमत संभवते. बू आणि टॉम या दोघांना निरुपद्रवी मॉकिंगबर्डच्या एकाच प्रतीकात गोवण्याचा तिचा कल पाहता, हा भेद तिने काहीसा झाकला, असेच म्हणावे लागते.

तथापि कादंबरीने हा भेद अन्यत्र, बहुधा नकळत, नोंदवून ठेवला आहे. मुलांना ज्यात जाता आले नाही असे दुसरेही एक घर तीत आहे. कॅल्पर्निया मुलांना आपल्या चर्चमध्ये नेते तेव्हा तिचे बोलणे, तिचे वाचन, तिचे स्वतःचे आयुष्य यांची स्काउटला प्रथमच जाणीव होते व आपण तुझ्या घरी येऊ का, असे ती विचारते. कॅल्पर्निया आनंदाने होकार देते. पुढे आत्या अलेक्झांड्रा एका शब्दात मना करते, आणि हा विषय कादंबरीत पुन्हा निघत नाही. टॉमच्या घरी त्याच्या मृत्यूची बातमी घेऊन अ‍ॅटिकस जातात तेव्हाही स्काउट तेथे नसते. ते दृश्य तिला डिलच्या तोंडून ऐकावे लागते, म्हणजे पुन्हा शब्दप्रमाणच. रॅडलींचे घर बंद असून मुलांनी त्याची प्रत्येक फट धुंडाळली. कॅल्पर्नियाचे घर उघडे होते, आमंत्रणही होते. आणि तेथे कोणी गेले नाही. ती थुंकली त्या दिवशी तिला काय ठाऊक होते, हे म्हणूनच शेवटपर्यंत कळत नाही. १९३० नंतरच्या दशकातील अलाबामात गोऱ्या मुलांच्या ज्ञानाची मर्यादा नेमकी कोठे होती, हे यावरून जितके कळते तितके न्यायालयातील भाषणावरून कळत नाही.

कोंडलेल्या माणसांच्या वास्तव इतिहासाला पुढे निराळे वळण मिळाले. आर्थरला जेथे पाठविण्याचे नाकारले गेले त्या टस्कलूसाच्या रुग्णालयातील दुरवस्थेविरुद्धच वायट विरुद्ध स्टिकनी हा खटला उभा राहिला, आणि इच्छेविरुद्ध रुग्णालयात ठेवलेल्या मनुष्यास उपचारांचा घटनात्मक हक्क आहे, असा निर्णय १९७१ मध्ये संघीय न्यायाधीश फ्रँक जॉन्सन यांनी दिला. त्या निकालात पुढे माउंट व्हर्ननचे रुग्णालयही आले. वडिलांच्या वा न्यायाधीशाच्या शब्दाऐवजी हक्काची भाषा तेथे प्रथमच आली. वॉल्टर लेटला मरून तेव्हा चौतीस वर्षे झाली होती.

मुलांचे प्रत्यक्षज्ञान अगदी अखेरच्या काही पानांत येते व तेही अपुरे. बू जेमच्या खोलीत दाराआड उभा असतो: फिकट, कृश, भिंतीला टेकलेला. संपूर्ण कादंबरीत तो एकच वाक्य बोलतो, ते घरी पोचविण्याची विनंती करणारे. स्काउट त्याचा हात स्वतः न धरता आपला हात त्याच्या हातात अडकविते, म्हणजे मिस स्टेफनीने खिडकीतून पाहिले तर एक गृहस्थ एका बाईला सोबत करीत चालला आहे असे तिला दिसावे. अफवेच्या कोठीला दिलेले हे तिचे उत्तर आहे. दार बंद झाल्यावर ती त्याच ओसरीवरून रस्त्याकडे पाहते. दोन उन्हाळे, पाने गळण्याचे दिवस, आग, वेडा कुत्रा, अंगणात खेळणारी दोन मुले हे सर्व तिला तेथून, म्हणजे त्याच्या बाजूने, दिसते. आपण त्याला काहीच दिले नाही, ही खंत ती नोंदविते. त्यानंतर तिने त्याला पुन्हा पाहिले नाही.

शोध घेणारे तिघे होते. पैज लावून ज्याने आरंभ केला तो डिल त्या रात्री दूर मेरिडियनला होता. ज्याला सर्वांआधी उमगले तो जेम मोडलेला हात घेऊन गुंगीच्या औषधाखाली झोपलेला होता. बूने त्याच्या केसांवरून हात फिरविला हेही त्याला कळले नाही. अ‍ॅटिकस त्याच्या उशाशी पुस्तक वाचीत बसले होते. स्काउटने हट्ट धरला म्हणून त्यांनी ते तिला मोठ्याने वाचून दाखविले आणि ती ऐकता ऐकता झोपली. ते पुस्तक होते शुल्कर्स यांचे ‘द ग्रे घोस्ट’. पहिल्या उन्हाळ्यात रॅडलींच्या घराला हात लावून दाखविण्याच्या पैजेत डिलने हेच पुस्तक पणाला लावले होते.